उपचारात हलगर्जीपणा झाला असेल तर: कागद आधी, तक्रार नंतर

उपचारातल्या हलगर्जीपणाच्या तक्रारी बऱ्याचदा क्रम चुकल्यामुळे पडतात. आधी रुग्णालयाच्या दारात गर्दी होते. मग मुख्यमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच अर्ज जातो, त्यावर खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून नऊ नावे असतात. चार महिन्यांनी पहिला वकील विचारतो, “केस पेपर कुठे आहेत?” तोवर सीसीटीव्हीचे चित्रण पुसले गेलेले असते, शवविच्छेदन झालेले नसते आणि हातात असते फक्त डिस्चार्ज कार्ड. खालचा क्रम महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून आहे. ग्राहक कायदा आणि फौजदारी कायदा देशभर एकच असल्याने तो भाग गोव्यातही तसाच लागू होतो. तिथे वैद्यक परिषद आणि रुग्णालय नोंदणीचा कायदा मात्र वेगळा आहे.

## १. मृत्यू झाला असेल तर अंत्यसंस्काराआधी

शंका असेल आणि मृतदेह अजून रुग्णालयात असेल, तर पहिले काम शवविच्छेदनाचे. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात रुग्णाचे नाव, दाखल केल्याची आणि मृत्यूची वेळ, मृत्यूच्या कारणाबद्दल शंका का आहे ते दोन-तीन वाक्यांत, आणि ‘शवविच्छेदन शासकीय रुग्णालयात डॉक्टरांच्या पथकामार्फत, चित्रीकरणासह व्हावे’ ही मागणी लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का घ्या. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ती गुन्ह्याची नोंद नव्हे आणि नकारही नव्हे.

व्हिसेरा, म्हणजे प्रयोगशाळेत तपासायला घेतलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला का, हे विचारून लिहून घ्या. औषधाची रिॲक्शन किंवा चुकीचे इंजेक्शन अशी शंका असेल तर सगळे त्यावरच अवलंबून असते.

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, जवळच्या नातेवाइकाला विनाशुल्क द्यायचे असते. ते मागा. महापालिकेकडून मिळणारा मृत्यूचा दाखला वेगळा, त्यात कारण नसते.

सावधान: बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद लागू झाली आहे, ती दर्शनी भागात लावलेली असायला हवी. अडवलेच तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांकडे लगेच लेखी तक्रार द्या.

आणखी एक सावधान: हात उगारू नका, काच फोडू नका. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसाचाराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे आणि त्याखालचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय तुमच्या तक्रारीला ‘तोडफोड झाकण्यासाठी केलेली’ असे म्हणायला समोरच्याला आयते कारण मिळते.

## २. पूर्ण केस पेपर मिळवा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हेत. ते रुग्णालयाने शेवटी लिहिलेले सार असते, आणि वाद तर मधल्या तासांचा असतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केली की ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. आंतररुग्णांच्या (दाखल केलेल्या रुग्णांच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये आणलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून आजही अर्जात २००२ चीच संहिता लिहायची. तिथला १.३.२ हा क्रमांक नोंदवा.

अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असे मोघम लिहू नका. नावे घालून मागा:

- ओपीडी पेपर आणि दाखल करतानाची पहिली तपासणी
- आंतररुग्ण केस पेपर, पानांना क्रमांक घातलेले
- नर्सिंग नोट्स आणि ताप, नाडी, रक्तदाबाचा चार्ट
- औषधांचा चार्ट
- संमतीपत्रे, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद
- लॅबचे रिपोर्ट. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म आणि सीडी
- रक्त दिले असल्यास पिशवीचे क्रमांक. स्टेंट किंवा इम्प्लांट बसवले असल्यास त्यावरचे स्टिकर
- बिलाचा तपशील आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती

नर्सिंग नोट्स सगळ्यांत आधी वाचा. डॉक्टरांच्या नोंदी पुष्कळदा फेरी संपल्यावर लिहिल्या जातात, नर्स मात्र वेळ घालून लिहिते.

अर्ज दोन प्रतींत करा आणि पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची सही, नसेल तर नाते दाखवणारा कागद जोडा. सीसीटीव्हीसाठी स्वतंत्र पत्र द्या. अतिदक्षता विभागाचा कॉरिडॉर, अपघात विभाग, तारीख, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, ‘हे चित्रण जतन करावे’. हे पत्र पहिल्या दोन दिवसांत गेले नाही तर सहसा उपयोग नसतो.

शासकीय रुग्णालय असेल तर याच्या जोडीला माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एरवी ३० दिवस, जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास.

तपासा: मेडिक्लेम किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर दाखल झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काही कागद विमा कंपनीकडे किंवा योजनेकडे गेलेले असतात. ते वेगळे मागवा आणि रुग्णालयाने नंतर दिलेल्या कागदांशी पान लावून ताडून पाहा. वाढवलेली ओळ किंवा बदललेली वेळ इथेच सापडते.

मूळ रिपोर्ट आणि फिल्म कोणालाही देऊ नका, वकिलालाही नाही. स्कॅन करून प्रत द्या.

## ३. तासांचा तक्ता

आता राग बाजूला ठेवून चार रकाने आखा: तारीख-वेळ, काय घडले, कोणत्या पानावर नोंद आहे, त्या वेळी तिथे कोण होते. नमुन्यादाखल: ‘रात्री २.१०, रक्तदाब ८०/५०, नर्सिंग नोट पान १४, ड्यूटी डॉक्टरांना फोन केल्याची नोंद. पहाटे ४.३०, डॉक्टरांची पुढची नोंद, पान ९.’ मधले दोन तास वीस मिनिटे हा तुमच्या तक्रारीचा गाभा असू शकतो. ‘डॉक्टरांनी लक्षच दिले नाही’ या वाक्याला पुरावा म्हणून किंमत नाही.

जे तुम्हाला आठवते पण कागदावर नाही, ते वेगळ्या शाईने लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली की उलटतपासणीत तक्ता कोसळतो.

## ४. दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत

या टप्प्यावर बहुतेक जण कंटाळतात, कारण त्याच गावातला डॉक्टर लिहून द्यायला तयार नसतो. दुसऱ्या शहरात जा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले, त्याच शाखेचे प्राध्यापक शोधा. प्रसूतीच्या प्रकरणात हाडाच्या डॉक्टरचे मत चालत नाही. पाठवताना रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव झाकून पाठवले तर मत मोकळे मिळते.

‘चूक झाली का?’ असे विचारू नका. तीन प्रश्न विचारा:

1. अशा रुग्णाला त्या वेळी, तेवढ्या सोयी असलेल्या रुग्णालयात साधारण कसे हाताळले जाते?
2. इथे त्यापासून नेमके कुठे फारकत झाली?
3. ती झाली नसती तर परिणाम वेगळा असता का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत जड. नोंदी अर्धवट आहेत, डॉक्टर उशिरा आले, हे सिद्ध होऊनही नुकसान त्यामुळेच झाले हे दाखवता आले नाही म्हणून प्रकरणे पडतात. उपचाराला यश आले नाही, किंवा दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरांनी दुसरी निवडली, एवढ्यावर निष्काळजीपणा होत नाही. मत तुमच्या विरुद्ध आले तर दुसरे एक घ्या. तेही तसेच आले तर थांबण्याचा विचार प्रामाणिकपणे करा.

ग्राहक आयोगापुढे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ मत सक्तीचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसे स्पष्ट केले आहे. डाव्याऐवजी उजवा पाय उघडला किंवा पोटात गॉज (शस्त्रक्रियेत वापरलेली जाळीदार पट्टी) राहिला, तर गोष्ट स्वतःच बोलते. बाकी ठिकाणी मताविना जाणे म्हणजे छत्रीविना पावसात.

‘आम्ही सही केली होती’ म्हणून मागे हटू नका. संमती धोक्याला दिलेली असते, हलगर्जीपणाला नव्हे. तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर मोठी शस्त्रक्रिया उरकता येत नाही, हे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अपवाद जीव वाचवण्याच्या तातडीचा. ‘डामा’ घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडून, बाहेर पडत असाल तर त्या कागदावर स्वतःच्या अक्षरात कारण लिहा: ‘येथे व्हेंटिलेटर उपलब्ध नसल्याने हलवत आहोत.’ नुसती सही केली तर दोष तुमच्याकडे येतो.

## ५. काय हवे आहे ते ठरवा, मग दार निवडा

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर वैद्यक परिषद. तिथे एक रुपयाही मिळत नाही. शिक्षा हवी असेल तर पोलीस आणि फौजदारी न्यायालय. दरपत्रक नसणे, अपुरा कर्मचारीवर्ग, केस पेपर न देणे अशा रुग्णालयाच्या कारभाराच्या तक्रारी शुश्रूषागृह नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकाऱ्याकडे. धर्मादाय रुग्णालयाने गरीब रुग्णांसाठीच्या राखीव खाटा नाकारल्या तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे.

एकाहून अधिक दारे ठोठावता येतात, पण प्रत्येक ठिकाणचा मजकूर वेगळा लागतो आणि घटनाक्रम मात्र अक्षरशः तोच लागतो. पोलिसांना दिलेल्या अर्जात ‘इंजेक्शन नऊ वाजता’ आणि आयोगापुढे ‘साडेदहा वाजता’ असे झाले, की समोरच्या वकिलाचे काम झाले.

ग्राहक आयोगात जाण्याआधी एक गोष्ट पाहा: पैसे कोणी भरले? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, आणि नोंदणीचे नाममात्र शुल्क हा मोबदला धरला जात नाही. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले तरी तुम्ही ग्राहकच. पूर्ण मोफत शासकीय रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हे मार्ग उरतात. दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते.

## ६. ग्राहक आयोगातली तक्रार

मुदत. कारण घडल्यापासून दोन वर्षे. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ६९. आत काही राहून गेल्याचे नंतर उघड झाले तर मुदत कळल्यापासून मोजता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, गोव्यात नोकरी करणाऱ्या एका नर्सच्या पोटात २००२ मध्ये गॉज सापडला. मधली वर्षे दुखत असूनही, स्वतः जाणकार असून तिने तपासणी केली नाही, म्हणून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. वैद्यक परिषदेत किंवा पोलिसांत तक्रार चालू असताना ही घड्याळे थांबत नाहीत. ‘परिषदेचा निकाल येऊ दे, मग बघू’ हा सर्वांत महाग पडणारा सल्ला आहे. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा अर्ज मूळ तक्रारीसोबत, दिवसांचा हिशेब देऊन.

कोणत्या आयोगात? इथे जवळपास प्रत्येक जण चुकतो. २०१९ च्या कायद्यात मागितलेली भरपाई पाहत नाहीत, रुग्णालयाला दिलेला मोबदला पाहतात. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. तुमचे बिल चार लाखांचे आणि मागणी एक कोटीची असली तरी जागा जिल्हा आयोगच. आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. साताऱ्याच्या माणसाने पुण्याच्या रुग्णालयासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

शुल्क. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर काही नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रार ऑनलाइन करता येते: आधी ई-दाखिल होते, २०२५ पासून ई-जागृती.

विरुद्ध पक्ष. रुग्णालय पहिले, उपचार करणारे डॉक्टर नंतर. भूलतज्ज्ञ ‘बाहेरून येणारे’ होते, आमची जबाबदारी नाही, हा बचाव सहसा टिकत नाही. एकाही डॉक्टरचे नाव कळले नसले तरी रुग्णालयाविरुद्ध तक्रार चालते, हे २००४ पासून ठरलेले आहे. पण तक्त्यात ज्याचे नाव एकदाही येत नाही अशा डॉक्टरला उगाच ओढू नका.

मजकूर. पक्षकार, दिलेला मोबदला, घटनाक्रम (तोच तक्ता, वाक्यांत), प्रत्येक त्रुटी स्वतंत्र परिच्छेदात पान क्रमांकासह, तज्ज्ञ मत, मुदत, अधिकारक्षेत्र, मागणी. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पानवार अनुक्रमणिका. डॉक्टरी अक्षरातली पाने टाइप करून शेजारी जोडा. सदस्यांना ती वाचता आली नाहीत तर तुमचाच पुरावा वाया जातो.

भरपाईचा आकडा हवेतून काढू नका. झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेले उत्पन्न, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, मानसिक त्रास असे भाग पाडा आणि पहिल्या चारांना पावत्या, पगारपत्रक, आयकर विवरण जोडा.

तपासा: विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढीव १५ मिळतात, त्यापुढे एकही नाही. हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्के केले आहे. नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि ४६ व्या दिवशी हरकत नोंदवा. गंभीर इजा किंवा मृत्यूचे प्रकरण आयोगाच्या मध्यस्थीकडे पाठवले जात नाही, हेही माहीत असू द्या.

रुग्णालय परस्पर तडजोडीचे पैसे देऊ लागले तर पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का ते पाहून मगच सही.

निकालानंतर जिल्ह्याकडून राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत. रुग्णालयाला अपील करायचे तर मंजूर रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम ७१ आणि ७२ खाली वसुलीचा अर्ज करा. ७२ मध्ये कैदेची तरतूद आहे.

## ७. वैद्यक परिषद

आधी डॉक्टरची पदवी पाहा. एमबीबीएस आणि त्यापुढचे असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या यांच्या परिषदा वेगळ्या. परिषदेचा अधिकार व्यक्तीवर चालतो, रुग्णालयावर नाही. म्हणून ‘अमुक हॉस्पिटलविरुद्ध’ अशी तक्रार परत येते. डॉक्टरचे पूर्ण नाव आणि जमल्यास नोंदणी क्रमांक घाला; तो चिठ्ठीवर छापलेला असायलाच हवा.

तक्रारीत आचारसंहितेचा भंग दाखवा: नोंदी न देणे, संमतीशिवाय प्रक्रिया, पात्रता नसताना शस्त्रक्रिया, योग्य काळजी न घेणे. निर्णयासाठी संहितेत सहा महिने दिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी लेखी स्मरणपत्र पाठवा. निकाल विरुद्ध गेला तर अडचण आहे: २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात वर अपिलाचा हक्क फक्त डॉक्टरला लिहिला आहे आणि त्यावर बोट ठेवून रुग्णांची अपिले परत पाठवली गेली आहेत. हा कायद्यातला उघड अन्याय आहे. त्यामुळे परिषदेपुढे पहिल्याच फेरीत सगळा पुरावा ठेवा.

## ८. पोलीस तक्रार

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे १०६(१). वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद. इतरांना, त्यात बोगस डॉक्टरही आले, पाच वर्षांपर्यंत.

फौजदारीत साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी आधी त्या शाखेच्या, शक्यतो शासकीय सेवेतल्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यायचे असते आणि सरसकट अटक करायची नसते. त्यामुळे ‘गुन्हा का नोंदवला नाही’ म्हणून ठाण्यात बसून राहण्यापेक्षा कागद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या किंवा शासकीय महाविद्यालयाच्या समितीकडे कोणत्या तारखेला, किती पानांचे गेले, हे लेखी विचारा. अर्धेच केस पेपर गेल्याने ‘निष्काळजीपणा दिसून येत नाही’ असा अहवाल येणे नेहमीचेच आहे. तुमचा तक्ता आणि तज्ज्ञ मत पोलिसांमार्फत समितीपुढे जाईल असे पाहा. ठाण्याने दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह.

## ९. रुग्णालयाबाहेरच्या संस्था

व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोरुग्णालयात मारहाण, साखळी, कोंडून ठेवणे झाले तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वापरा. साखळीने बांधणे आणि भूल न देता शॉक देणे त्यात सरळ बंद आहे. त्रुटींची तक्रार आधी केंद्राच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, मग राज्य प्राधिकरणाकडे. मारहाण असेल तर याची वाट न पाहता पोलीस. केंद्राची नोंदणी आहे का, हे प्राधिकरणाकडे विचारा, कारण विनानोंदणी केंद्र चालवण्यालाच स्वतंत्र दंड आहे. रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क इथेही आहे.

वृद्धाश्रमात किंवा ब्युरोने घरी पाठवलेल्या केअरटेकरकडून दुर्लक्ष झाले तर पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून ग्राहक आयोग खुला आहे. या प्रकरणांत केस पेपर नसतात, म्हणून पुरावा तुम्हालाच तयार करावा लागतो: करारपत्र किंवा दरपत्रक, पैसे पाठवल्याचे संदेश, पाठीवर झालेल्या जखमांचे तारखेसह फोटो, आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात करून घेतलेली तपासणी, जिच्यात जखम किती जुनी आहे ते डॉक्टरांनी लिहिलेले असेल. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. आई-वडिलांना तिथून हलवण्याआधी फोटो आणि तपासणी उरका. एकदा जागा बदलली की जखम कुठली, हा वाद सुरू होतो.